पाच इंची सत्य

आमच्या फ्लॅटमधली तिसरी खोली दहा फूट बाय दहा फूट आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती ‘स्टडी’ होती. आम्ही राहायला आल्यावर ती अडगळ झाली, मुलाच्या दहावीच्या वर्षी अभ्यासिका झाली आणि निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अडगळ झाली. गेल्या वर्षी मी तिचं नाव ‘स्टुडिओ’ ठेवलं. इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांच्या गाद्या आणि बायकोचं शिवणयंत्र अजूनही तिथेच आहे, पण नाव स्टुडिओ.

मी चाली लावतो. विमा कंपनीत क्लेमच्या फायली पुढच्या टेबलावर सरकवता सरकवता हा नाद सांभाळला. डोंबिवलीत दर तिसऱ्या घरात एक चाली लावणारा निघतो. मधली दोन घरं ऐकून घेतात. आजवर पेटी पुढ्यात ओढायची, फोन पुस्तकाला टेकवून ठेवायचा, गायचं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं, असा कारभार होता. ग्रुपवर अंगठे यायचे. पण नुसत्या अंगठ्यांवर माणूस किती वर्षं काढणार? म्हणून एक बरा माइक आणला, तो लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस नावाचा डबा आणला आणि हेडफोन चढवले. हेडफोनमध्ये माझा आवाज इतका गोड लागायला लागला की मलाच संशय आला.

संशय खरा असल्याचं पुतण्याने सांगितलं. तो बावीस वर्षांचा आहे; चौथ्या परीक्षेनंतर तबला सोडला आणि आता लॅपटॉपवर बीट बनवतो. “काका, हेडफोनवर मिक्स नको करूस. डावीकडचं फक्त डाव्या कानात जातं, उजवीकडचं फक्त उजव्या. खोलीत असं कधी होतं का? दोन्ही कान दोन्हीकडचं ऐकतात. तू मॉनिटर घे.”

मॉनिटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सहावी ‘ब’ येते. बाई स्टाफरूममध्ये गेल्या की आमचा मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. त्याला लाच चालत नसे, बोरंही चालत नसत. पुतण्याने समजावलं, तेव्हा कळलं की हा स्पीकर म्हणजे त्याच मुलाचा भाऊ. दिवाणखान्यातल्या म्युझिक सिस्टिमचं काम गाणं छान ऐकवणं. ती बेस थोडा फुगवते, वरच्या पट्टीला झिलई देते, पाहुण्यांसमोर घराची अब्रू राखते. मॉनिटर तसलं काही करत नाही. तुम्ही जे आत घातलंत ते तसंच्या तसं बाहेर काढतो. कुठे श्वास तुटला, कुठे पेटीचा भाता कुरकुरला, कुठे निषाद पाव मण खाली बसला, सगळ्यांची नावं फळ्यावर.

म्हणजे मी बाजारात जाऊन, पदरचे पैसे मोजून, माझ्या चुका सांगणारा इसम घरी आणायचा होता. ऑफिसात ही सेवा मला तीस वर्षं फुकट मिळाली.

या जमातीतला एक पूर्वज मोठा गमतीचा आहे. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर काढला, तो घरगुती म्हणून. काळा डबा, त्यात पांढरीशुभ्र वाटी. घरगुती गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. बेस बेताचा, मधले स्वर अंगावर येणारे; संध्याकाळी चहा घेत ऐकावं असं त्यात काही नव्हतं. पण स्टुडिओवाल्यांच्या ध्यानात आलं की या खडूसाला जे मिक्स बरं वाटतं, ते पुढे मोटारीत, रेडिओवर, कुठेही बरंच वाजतं. झालं! घरातून हाकललेला स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या डोक्यावर जाऊन बसला. त्याचा वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, इतका बोचरा की लोक त्याच्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. मग कुठला टिश्यू, किती पदरी, यावर वाद झाले आणि एका ध्वनितज्ज्ञाने वेगवेगळे कागद लावून चक्क मोजमापं घेतली. २००१ मध्ये यामाहाने तो बंद केला, कारण त्या पांढऱ्या वाटीला लागणारा लगदा मिळेना. आजही बाजारात पांढऱ्या वाटीचे स्पीकर दिसतात ते या आजोबांच्या पुण्याईवर.

दुसरं घराणं ऑराटोनचं. एकच छोटा स्पीकर असलेला चौकोनी डबा, आमच्या आजोळच्या ट्रान्झिस्टरच्या वकुबाचा. मायकल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ ज्या ब्रूस स्वीडीनने मिक्स केला, त्याच्यापाशी लाखमोलाचे स्पीकर असतानाही त्याचा भरवसा या डब्यांवर होता. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर गाणं कसं लागेल ते या डब्यात कळायचं. हे वाचल्यावर मी माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर काढला. त्यात सेल फुटून हिरवं झालेलं होतं. तो मार्ग तिथेच खुंटला.

मग मॉनिटर आणायला सीएल टाकली. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची शटरं रविवारी खाली असतात, त्यामुळे संगीतासाठी निदान एका रजेचा त्याग करावाच लागतो. दादरला पूल ओलांडून गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला विचारात पडतो. बजेट वीस हजार. त्यात दोन हजार बायकोला न सांगितलेले.

दुकानात भिंतभर स्पीकर मांडलेले. पिवळ्या वाट्यांचे, पांढऱ्या वाट्यांचे, निळे दिवे लागणारे. मी तोंड उघडायच्या आत विक्रेत्याने फोनवरून एक धडाम-धुडूम गाणं लावलं. काउंटरवरची पावतीपुस्तकं हलली. “सर, बेस देखो!” मी देखला. खरंच पोटात गुदगुल्या झाल्या. मग त्याने शेजारचा, जरा महागाचा लावला आणि तो आणखी छान वाजला. पुतण्याने बजावून पाठवलं नसतं तर मी तिथेच खिशात हात घातला असता. त्याने सांगितलं होतं की दुकानदार महागाचा स्पीकर नेहमी कणभर मोठ्याने लावतो, आणि मोठ्याने वाजणारा स्पीकर माणसाला चांगलाच वाटतो. हा काही दुकानदारांचा खास शोध नव्हे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच बेल लॅबोरेटरीजमध्ये माणसांचे कान तपासून दाखवलं होतं की आवाज हळू असला की आपल्याला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज चढवला की तेच स्वर आपोआप भरून येतात. म्हणजे ‘बेस बघा’ म्हणत बटण पिळायचं हा प्रकार, ताजी दिसावी म्हणून भाजीवर पाणी मारतात त्यातला.

“दोन्ही एकाच आवाजावर लावा,” मी म्हणालो आणि फोनवर आवाज मोजायचं अॅप उघडून धरलं. विक्रेत्याने, तराजूची पारडी रिकामी करून दाखवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात, तसं माझ्याकडे बघितलं. पण लावले. आणि काय सांगू, महागाचा एकदम गरीब झाला.

मग मी माझा पेन ड्राइव्ह काढला. नवीन काही ऐकायचं नाही, पाठ असलेलं ऐकायचं, हाही पुतण्याचाच मंत्र. मी एक भावगीत नेलं होतं. चाळीस वर्षं ऐकतोय. त्यातला स्वरमंडळाचा झंकार कुठे येतो तेही मला झोपेत सांगता येईल. पहिल्या जोडीवर ते गाणं गोड लागलं. दुसऱ्या जोडीवरही गोड लागलं, त्यानंतर विक्रेत्याचं धडाम-धुडूम लावलं तर तेही तितकंच गोड. सगळ्या भाज्यांना एकच गोडा मसाला. तिसरी जोडी पाच इंची, दिसायला अगदीच कारकुनी. तिच्यावर गाणं जरा कोरडं लागलं. बेस होता, पण मागितल्याशिवाय पुढे येत नव्हता. आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी मला गायिकेचा श्वास ऐकू आला. छोटासा, घाईत घेतलेला. चाळीस वर्षांत तो मला कधी भेटला नव्हता. दुकानात, मागे कोणीतरी सीसीटीव्हीच्या वायरीवरून घासाघीस करत असताना, मी त्या श्वासासाठी तो अंतरा तीनदा लावला.

“हीच द्या.”

“सर, आठ इंची घ्या ना. टीव्ही और स्पीकर, बड़ा ही अच्छा.”

आठ इंचीचा मोह मला झाला हे कबूल करतो. वाटी मोठी तेवढा खर्ज खोल, हे खरंच आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची ठेवणं म्हणजे वन बीएचकेमध्ये नगारखाना बसवणं. मी मोह आवरला आणि पैसे काढले, तेव्हा कळलं की डब्यावरची किंमत एका स्पीकरची आहे. हे मॉनिटर सुटे विकतात, एकेक.

घरी बायको म्हणाली, “अहो, चपला तरी अशा विकतात का?”

वायरीही वेगळ्या घ्याव्या लागल्या. न सांगितलेले दोन हजार ठाण्याच्या आत संपले. मुलुंडला मी ईएमआयचा विचार करत होतो.

यापुढे स्पीकरचं काम संपतं आणि खोलीचं सुरू होतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी लॅमिंग्टन रोडऐवजी दुसरा फ्लॅट बघायला गेलो असतो. पद्धत अशी, की दोन स्पीकर आणि आपलं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजून छत्तीस-छत्तीस इंच धरले. भूमितीत काठावर पास झालेला मी या वयात त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू झालो. ट्वीटर कानाच्या उंचीला हवेत, म्हणून खाली जेवणाचे दोन पाट घातले. पाटाची थरथर टेबलात उतरू नये म्हणून त्याखाली योगा मॅटचे कापलेले चौकोन; ती मॅट २०२० नंतर कोणी उलगडलेली नव्हती. भिंतीला चिकटवले की बेस फुगतो, म्हणून स्पीकर पुढे ओढले. तसं केल्यावर शिवणयंत्र उघडेना, म्हणून मागे ढकलले. मग पाठीमागचं बेस उतरवायचं छोटं बटण सरकवलं. आमच्या संसारातले बहुतेक वाद असल्याच बटणावर मिटलेले आहेत.

एवढं करून पेटी-तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं. डग्गा गायब. सगळं ऐकू येतंय, चाट खणखणीत, डग्गा नाही. मी खुर्चीवरून उठून दाराशी गेलो तर डग्गा दाराशी उभा. कोपऱ्यात लोखंडी कपाटापाशी गेलो तर तिथे तो इतका माजला होता की कपाटातले हँगर टाळ धरत होते. पुन्हा खुर्चीत बसलो की नाहीसा.

पुतण्याने फोनवरून गणित सांगितलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. खोली दहा फूट, म्हणजे तीन मीटरच्या किंचित वर, जाऊन-येऊन ६.१. भागाकार केला की ५६ येतात. सेकंदाला ५६ कंपनांचा जो खर्ज असतो तो या खोलीत बरोबर अडकतो, दोन भिंतींमध्ये झुलतो. भिंतीपाशी भरपूर, मध्यभागी शून्य. “आणि काका, तुझी खोली चौरस, म्हणजे लांबीलाही ५६, रुंदीलाही ५६. स्टुडिओसाठी सगळ्यात वाईट आकार. खुर्ची कुठेय?”

खुर्ची बरोबर मध्यभागी होती. मी वास्तुशास्त्राप्रमाणे ठेवली होती.

खात्री करायला अॅपवरून नुसता ५६ चा सूर लावला. बसल्या जागी काहीच नाही, बायको दारातून म्हणाली, “ट्रक उभा राहिलाय का खाली?” मी एक फूट मागे सरकलो, ट्रक सुरू झाला. पुढे सरकलो, बंद. अर्धा तास मी खुर्चीसकट खोलीत पुढे-मागे होत होतो. मुलाने त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. माझ्या कुठल्याही चालीला इतके अंगठे आलेले नाहीत.

आता भिंतींचा बंदोबस्त. सोसायटीतल्या एका जाणकाराने अंड्यांचे ट्रे लावायला सांगितले. आमच्याकडे अंडं सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी सोडून येतं. त्या हिशोबाने भिंत भरायला दोन हजार चाळीस उजाडलं असतं. शिवाय ते ट्रे खर्जाला काहीही करत नाहीत, हे एव्हाना मला कळलं होतं. पातळ फोमचंही तेच. वरची चुरचुर शोषतो, खालचा हत्ती तसाच फिरत राहतो. त्या हत्तीला जाड, भरीव वस्तू लागते. मी पाहुण्यांच्या चार गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या आणि बाजूच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. मागच्या भिंतीला बावीस वर्षांचे दिवाळी अंक, मुद्दाम पुढे-मागे करून रचले, म्हणजे आवाज त्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो. खुर्ची मधोमधून काढून जरा पुढे घेतली. डग्गा परत आला. पूर्ण नाही, पण ओळख देण्याइतका. वाङ्मयाचा कोणाला प्रत्यक्ष उपयोग होताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि मग शांतता झाल्यावर ती गुणगुण ऐकू आली.

स्पीकरमधून. काही न वाजवता. हंऽऽऽ. मी पेटी ओढली आणि सूर शोधला, कारण सवय. पांढरी पाच. जवळजवळ पांढरी पाच, किंचित चढी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि गुणगुणते ती ५० आणि १०० च्या सुरात. पेटीची खालची पांढरी पाच ९८ ला लागते. अमेरिकेत वीज ६० ची, तिकडची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. त्या मानाने आपली वीज बरीच सुरेल म्हणायची. अडचण एवढीच की मी काळी एकमध्ये गातो. काळी एकचा सा धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. मी भूप मांडायचो आणि भिंतीतून कोणीतरी अखंड तीव्र मध्यम लावून बसलेलं असायचं. भूपात मध्यमच नाही! आमच्या बुवांनी हे ऐकलं असतं तर मेनस्विच पाडला असता.

इलेक्ट्रिशियनने पकड काढली आणि म्हणाला, “साहेब, अर्थिंगची पिन तोडून टाकतो, गुणगुण बंद.” ते मात्र मी करू दिलं नाही. गुणगुण बंद झाली असती, पण एखाद्या दिवशी माझीही झाली असती. उपाय साधे निघाले. लॅपटॉप एका भिंतीतल्या सॉकेटला आणि स्पीकर समोरच्या भिंतीतल्या सॉकेटला होते. सगळे एकाच बोर्डावर आणले. आणि स्वस्त वायरी जाऊन बॅलन्स्ड वायरी आल्या. त्यात एकच आवाज दोन तारांतून सुलट-उलट धाडतात. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींत सारखीच असल्याने पलीकडे वजाबाकीत उडून जाते. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ऑफिसातली एक बातमी दोन माणसांकडून सुलट-उलट पाठवून बघितली. दोघांनीही मूळ बातमी उडवली आणि गुणगुण तेवढी पोचवली.

कानांचा विषय थोडक्यात आटपतो, कारण तो दुःखद आहे. स्पीकरच्या डब्यावर लिहिलंय की तो २२ हजार हर्ट्झपर्यंत वाजतो. मुलाने हळूहळू चढणारा सूर लावला आणि ऐकू येणं थांबलं की हात वर करायला सांगितलं. मी साडेअकरा हजारांवर हात वर केला. तो सोळा हजारांपर्यंत बसून होता. माणूस तरुणपणीही वीस हजारांच्या आसपासच थांबतो आणि वय वाढलं की वरचा मजला हळूहळू रिकामा होतो, असं पुतण्या म्हणाला, सांत्वन म्हणून. म्हणजे मी घेतलेल्या स्पीकरपैकी अर्धाच मी ऐकतो. उरलेला अर्धा मुलगा आणि सोसायटीतली मांजरं ऐकतात.

तर असा सगळा संभार जमल्यावर एका रविवारी, दार लावून, पंखा बंद करून, माझीच चाल लावली. ग्रुपवर सदतीस अंगठे मिळालेली. पहिल्या ओळीला खुर्ची करकरली. दुसऱ्या ओळीला माझा सूर खाली होता. थोडा नव्हे, बसची वाट बघणारा माणूस कठड्यावर टेकतो तसा आरामात टेकलेला. तिसऱ्या ओळीआधी मी आवंढा गिळतो ते ऐकू आलं. मग पाठीमागे, गोधडीच्या पलीकडून आल्यासारखी, कुकरची शिट्टी. मग लोकलचा भोंगा. मग दुसरी शिट्टी. सहावी ‘ब’चा फळा भरत चालला होता आणि सगळीकडे माझंच नाव. मी ट्वीटरवर टिश्यू पेपर लावून बघितला. नाव जरा पुसट झालं, एवढंच.

तीन आठवडे बसून ते गाणं पुन्हा गायलो, पहाटे, पहिल्या लोकल जरा लांब-लांब असतात तेव्हा. चौदा वेळा. पुतण्याने ऐकलं आणि “बरंय” म्हणाला. हा त्याच्या शब्दकोशातला सर्वोच्च पुरस्कार आहे. मोटारीत लावलं, मुलाच्या फोनवर लावलं, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावलं. सगळीकडे टिकलं. मग नाशिकला ताईला पाठवलं. तिचं कौतुक मला लहानपणापासून सगळ्यात महाग पडतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. “अरे, छान झालंय हो. आवाज किती स्वच्छ. फक्त ती मधली कुकरची शिट्टी तेवढी काढायला हवी होती.”

मी हादरलो. फोन ठेवला, खोलीत गेलो, पंखा बंद केला, डोकं तिसऱ्या शिरोबिंदूवर नेलं आणि गाणं सुरुवातीपासून लावलं. शिट्टी नाही. पुन्हा लावलं. नाही. हेडफोनवर ऐकलं. मुलाला बसवून त्याच्या सोळा हजारांपर्यंतच्या कानांनी ऐकवलं. नाही. रात्री साडेनऊला ताईला फोन लावला आणि विचारलं, तू ते कुठे बसून ऐकलंस?

“ओट्यापाशी,” ताई म्हणाली. “फोन डाळीच्या डब्यावर ठेवला होता. का रे?”